मुजीबभाई, तक्रारी आता मी वाचायच्या?

मुजीबभाई, तुम्हाला माती देऊन माणसं घरी पोचली नसतील, तोवर तुमच्या मंडळींनी भांडण काढलं. 'तुमच्या' असं मी मुद्दाम म्हणते आहे. माझी ती कधीच नव्हती. तुम्ही त्यांना मंडळी म्हणायचात, मी टोळकं म्हणायचे, आणि तेवढ्या एका शब्दावरून आपली कितीदा जुंपली असेल ते आठवून बघा.

भांडण कशावरून, तर तुमच्या फोटोवरून. आपल्या 'निवांत खेळ' चॅनलवर मी तुमचा दुकानातला फोटो टाकला. खांद्यावर तांब्याच्या तारेचं भेंडोळं, शर्टाला व्हार्निशचे डाग, आणि समोरचा माणूस शिव्या देत असला तरी तोंडावरून न हलणारं ते हसू. खाली लिहिलं, 'मुजीबभाई आज सकाळी गेले.' बाकी काही सुचलं नाही. पहिला तासभर सगळे रडले. असा माणूस पुन्हा होणे नाही. मराठीत गेमवर मनापासून बोलणारा एकच माणूस होता. वाचून मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. मग एकानं लिहिलं, फोटो जरा बरा निवडायचा होता. दुसरा म्हणाला, नुसता फोटो टाकून मोकळ्या झाल्या, व्हिडिओ करायला काय झालं होतं? तिसऱ्यानं विचारलं, त्या समुद्रावरच्या गेमचा राहिलेला भाग आता कोण टाकणार? माणूस गेलाय आणि याला राहिलेला भाग पाहिजे! मी मोबाईल गादीवर आपटला.

आणि संध्याकाळी ते आलं. 'भाई आजारी आहेत हे ताईंना माहीत होतं. तरी लपवून ठेवलं. आम्हाला कळलं असतं तर आम्ही असं बोललो असतो का?' त्याखाली 'बरोबर आहे', 'बरोबर आहे' म्हणणाऱ्यांची ही रांग. म्हणजे तुम्हाला छळलं त्यांनी आणि दोष माझा. मुजीबभाई, हे तुमच्यामुळं झालंय. तेव्हा आधी तुमच्याशी भांडते, मग त्यांच्याकडे बघते.

मी लातूरला क्लासच्या ऑफिसात सुट्टी मागायला गेले तेव्हा सरांनी विचारलं, "कोण वारलं?" काय सांगणार होते मी? नात्यातले नाहीत. शेजारी नाहीत. मी लातूरची, तुम्ही नांदेडचे. मी म्हटलं, "आम्ही दोघं मिळून व्हिडिओ गेमबद्दल बोलतो." सर माझ्याकडे बघतच राहिले. माझ्या डोक्यातले पांढरे केस, हातातली प्रश्नपत्रिका, सगळं बघून झालं आणि म्हणाले, "मॅडम, या वयात?" एरवी मी त्यांना सुनावलं असतं. त्या दिवशी मी नुसती सही करून निघाले.

आपली ओळखच तक्रारीतून झाली होती. शेतीच्या एका गेमवर तुम्ही व्हिडिओ केला होता आणि अर्धा वेळ त्यातल्या गाईचं कौतुक केलं होतं. गाय कशी शेपटीनं माशा हाकलते, दूध काढताना कान कसे हलवते. मी खाली लिहिलं की, तुम्ही गेम अर्धाच खेळलेला दिसतो. पुढं सगळं तेच ते होतं, आणि सरसकट छान छान म्हणणं ही बघणाऱ्यांची फसवणूक आहे. नाव लिहिलं, गावही लिहिलं. मी काही तोंड लपवून बोलणाऱ्यांतली नाही. त्या रविवारी दुपारी तुम्ही माझा मजकूर दुकानातून, सगळ्यांसमोर, शब्दन् शब्द वाचून दाखवलात. 'फसवणूक' हा शब्द दोनदा वाचलात. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणालात, "विद्याताई, लातूर. बरोबर हाय तुमचं ताई. म्या अर्धाच खेळला. उरलेला खेळतो आन् पुढल्या रविवारी सांगतो." आणि खरंच खेळलात. पुढच्या रविवारी उरलेल्या अर्ध्यातल्या आणखी चार चांगल्या गोष्टी काढून आलात! मी चिडून पुन्हा लिहिलं. तुम्ही पुन्हा वाचलं. शेवटी तुमचा फोन आला, "ताई, चुका काढायला माणूस पाहिजे मला. तुमी फुकटच चुका काढून राहिल्या, तर आपल्याकडंच या की."

मी आले. चुका काढणं हे माझं पोटापाण्याचंच काम आहे. लातूरच्या क्लासांच्या प्रश्नपत्रिका टाईप करायच्या आणि तपासायच्या. एक पर्याय चुकला तर पोरांचे आईबाप अंगावर येतात. त्यामुळं तो मजकूर लिहिल्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. त्या गेमचा दुसरा अर्धा भाग रटाळच होता.

पण दर रविवारचं ते तक्रारवाचन मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. माझी तक्रार निदान गेमबद्दल होती. बाकीच्यांचं काय? 'मुजीबला गेममधलं काय कळतं?' 'भाई, उर्दूमिश्रित मराठी बंद करा.' 'याला सगळंच आवडतं, याला भंगार दाखवा, त्याचंही कौतुक करेल.' आणि तुम्ही तोंड भरून वाचायचात. जळकोटचा तो एक होता, जळकोट किंग नावाचा, दर आठवड्याला न चुकता विष ओतायचा. तुम्ही म्हणायचात, "किंगसाहेब म्हणतात, मुजीबभाईला अक्कल न्हाई. हाव साहेब, कमीच हाय. पुढं?" ते 'साहेब' मला इतकं झोंबायचं! लोकांना काढून टाकायचं बटण माझ्याकडे होतं. माझं बोट शिवशिवायचं. पण तुमचा हुकूम होता, की तुम्हाला विचारल्याशिवाय ते दाबायचं नाही, आणि विचारलं की तुम्ही नाही म्हणायचात.

एकदा मी खास याच भांडणासाठी नांदेडला आले होते. इतवाऱ्यातलं तुमचं ते दुकान, पंपाच्या जळालेल्या मोटारींचा ढीग, त्यांत नवी तार भरायचं तुमचं काम, आणि व्हार्निश वाळेपर्यंतच्या वेळात मागच्या खोलीत गेम. मी तोंड उघडणार तेवढ्यात कंधारकडचा एक माणूस टेम्पोतून विहिरीवरची मोटार घेऊन आला. मोटार खाली उतरायच्या आधीच त्याच्या शिव्या उतरल्या. विजेला, शेजाऱ्याला, मागच्या वेळी मोटार भरून देणाऱ्याला आणि शेवटी तुम्हालाही. तुम्ही स्टूल पुढं केलं, पाणी दिलं आणि हात मांडीवर ठेवून ऐकत बसलात. पाना हातात घेतला नाही. तो दमल्यावर तुम्ही दोनच प्रश्न विचारले आणि मोटार न उघडता कुठं जळाली असेल ते सांगितलंत. तो गेल्यावर मला म्हणालात, "ताई, माझ्याकडं खुश गिऱ्हाईक कदीच येत न्हाई. ज्याची मोटार चालू हाय त्यो कशाला यील? ज्याची जळाली त्याची शिवी नीट ऐकली की अर्धी मोटार कळती."

तुम्हाला वाटलं, झालं, ताईला पटलं. मला काही पटलं नव्हतं. मी म्हटलं, "तो माणूस शिव्या देत होता, पण मोटार तुमच्या पायापाशी आणून ठेवली ना त्यानं? तुमच्या मंडळींतले निम्मे गेम न खेळता बोलतात. जाहिरात बघून नाराज, नाव ऐकून नाराज, गेम उशिरा आला म्हणून नाराज आणि आला की लवकर आला, कच्चा आला म्हणून नाराज. ते नुसता धूर घेऊन येतात." तुम्ही इतके हसलात की बाजूचा चहावाला डोकावला. "धुराचं बी काईतरी जळालेलं असंल की ताई," म्हणालात. यावर मी काय बोलले ते मला आठवत नाही. पण हरले नव्हते, एवढं नक्की.

तुम्ही एका लग्नासाठी लातूरला आला होतात आणि दुपारी आमच्याकडे टपकलात, ते माझ्या आईला अजून आठवतं. आईनं मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. तुम्ही दोनदा मागून घेतलात. मग आपण आकाशात उडायच्या त्या गेमला बसलो आणि माझा टीव्ही दर थोड्या वेळानं अडकत होता. मी वैतागले. तुम्ही म्हणालात, "अडकला ते बरंच झालं. आता ढग बघा. कुणीतरी बसून केलंय हे." तुमचं ते ठरलेलं वाक्य. गवत हललं की कुणीतरी बसून केलंय. म्हातारा पायरी चढताना गुडघ्यावर हात ठेवतो, कुणीतरी बसून केलंय. आईनं विचारलं, "कोण जिंकलं मग?" तुम्ही म्हणालात, "अम्मा, तुमचा सुशीला जिंकला." त्या दिवसापासून आईसाठी तुम्ही घरचे झालात. तुमची बातमी सांगितल्यावर ती देवापुढं दिवा लावून बसली.

खरं सांगते, तुमच्यामुळं मला बघायला आलं. मी ज्या गेमला शून्य दिलं असतं त्यातही आता मला एखादा बसून केलेला गुडघा दिसतो, आणि दिसला की तुमचा राग येतो. पूर्वी मी बिनघोर शिव्या घालायचे.

मग तुमच्या किडन्या गेल्या. डायलिसिसला तुम्ही 'सर्व्हिसिंग' म्हणायचात. "आज सर्व्हिसिंग हाय ताई, व्हिडिओ उद्या." तुम्ही हे फक्त मला सांगितलंत आणि वर बजावलंत की मंडळींना कळता कामा नये. दोन रविवार चुकले तर हे बरळायला लागले की भाईंना हवा लागली, भाई मोठे झाले. मी गप्प. तुम्ही सांगितलं होतं म्हणून गप्प.

आणि नेमका तेव्हाच त्या समुद्रावरच्या गेमचा दुसरा भाग आला. किती वर्षं लोक त्याची वाट बघत होते! आला आणि सगळीकडं बोंब. नायकाची दाढी बदलली. समुद्र पहिल्यापेक्षा लहान आहे. शेवट वाटोळा केलाय. तुम्ही पलंगावर उशीला टेकून व्हिडिओ केलात. आवाज खोल गेलेला, वाक्य अर्ध्यात तुटायचं. त्यातही तुम्ही बंदरावरच्या त्या कोळिणीवर बोललात, जी नायकाकडे ढुंकूनही न बघता जाळं दुरुस्त करत बसते. "बघा, गाठ वढायच्या आधी ती धागा व्हटानं ओला करती. नायकाचं ध्यान बी न्हाई तिकडं. पण कुणीतरी बसून केलंय." आणि शेवटी म्हणालात की गेमच्या शेवटाबद्दल पुढच्या भागात बोलू.

खाली काय आलं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही वाचलंत. 'आवाजात दम नाही, मनापासून बोलत नाही, कंपनीनं विकत घेतला.' सातासमुद्रापार बसलेल्या त्या कंपनीला नांदेड कुठं आहे हे तरी ठाऊक असेल का! आणि एकानं लिहिलं, त्याचं टोपणनावही मी इथं घेत नाही, 'म्हाताऱ्याला श्वास लागतोय, मरायच्या आधी चॅनल दुसऱ्याला दे.' मी ते वाचलं तेव्हा ऑफिसात होते. मी तिथंच लिहून काढलं की हा माणूस हॉस्पिटलातून घरी येऊन तुमच्यासाठी बोललाय, लाज वाटू द्या. टाकायच्या आधी तुम्हाला फोन केला. तीच माझी चूक.

"टाकू नका ताई."

"का टाकू नको? मरा म्हणतोय तो तुम्हाला!"

"म्हणू द्या. आजारी म्हणून कळलं की हे सगळे गोड बोलतील बघा. आजारी माणसासंगं कोणी भांडत न्हाई. मंग गेमवर कोण बोलंल? नुसतं भाई कसे हायत, भाई जेवले का. मला ते नगं."

"आणि मला काय पाहिजे त्याचं काय?"

तुम्ही म्हणालात, "तुमी लई तापून राहिल्या. चहा घ्या." मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा बोललो, व्हिडिओच्या मथळ्याबद्दल, रोजच्यासारखं. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं नाही. आता कुणाकडून घेऊ ते?

तुम्ही गेलात त्या दिवशी लातूरहून मिळेल त्या गाडीनं निघाले. मी पोचले तोवर जनाजा निघून गेला होता. तुमचं तोंडही दिसलं नाही. दुकान बंद, घराबाहेर खुर्च्या, आणि एका खुर्चीवर केसांना मेंदी लावलेले, पोट सुटलेले एक गृहस्थ रुमालानं डोळे पुसत बसलेले. मला बघून उठले. "तुम्ही विद्याताई ना? मी जळकोटचा. खतबियाणाचं दुकान हाय माझं." मग जरा ओशाळून म्हणाले, "किंग म्हणतात मला. चॅनलवर."

मी इतकी वर्षं समजत होते की हा कुठला तरी कॉलेजचा मवाली असणार. हे तर नातवाला शाळेत सोडायच्या वयाचे. "मिट्टी देऊन आलो भाईला," म्हणाले. मला वाटलं, आता माफी मागेल. कसलं काय! म्हणाले, "पण ताई, लई चुकलं बघा तुमचं. सांगाया पाहिजे हुतं. आन् जनाजा बी घाईनं काढला. नायगावची माणसं पोचली न्हाईत."

तुमच्या दारात, तुमच्या मयतीच्या दिवशी, हा माणूस तुमच्या जनाज्याचीही तक्रार करत होता. मुजीबभाई, मी ओरडले. "साहेब, तुम्हाला अक्कल आहे का? दर आठवड्याला त्यांना बोल लावत होतात, आज रडायला कोणत्या तोंडानं आलात?" खुर्च्यांवरचे सगळे वळून बघायला लागले. किंगसाहेब खाली बघत उभे राहिले आणि बारीक आवाजात म्हणाले, "त्यो माझं वाचायचा ताई. घरी माझं कोणी ऐकून घेत न्हाई." मी आत गेले. कीव नाही आली मला. आजही येत नाही. घरी कोणी ऐकत नाही म्हणून दुसऱ्याच्या अंगावर थुंकायचा परवाना मिळतो का?

आत भाभी बायकांमध्ये बसल्या होत्या. मला जवळ ओढून घेतलं. नंतर बायका पांगल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, "भाभी, भाईंना कधी राग कसा यायचा नाही हो? मला तर त्यांच्या वाटचाही येतो." भाभींनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं.

"राग न्हाई? अगे माँ! कोण बोल्या तुमाला?" त्या म्हणाल्या. "उनो घरात कसे होते तुमाला काय मालूम ताई. तो समंदरवाला गेम खतम झाला ना, त्या दिवशी घंटाभर नुसती बडबड. सत्यानास केला, पूरा सत्यानास केला हरामखोरांनी. इतकी वर्षं वाट बघितली अन् असा आखीर करते क्या कोई? उशी फेकली भिंतीवर. मी बोली, हॉस्पिटलातून आले, गप पडा. तर मलाच बोलले."

मी भिंतीकडे बघितलं.

"हमेशा असंच," भाभी म्हणाल्या. "ते लोक काय काय लिहायचे ते वाचून बी असंच. पूरी भडास माझ्यापुढं. मग पहाटे फज्रला उठायचे, हातपाय धुऊन वजू, नमाज, चहा, आन् मग तुमाला फोन. बोलायचे, रागात मोटार भरायला बसलं की तार तुटती. राग निघून गेला की बसायचं."

मुजीबभाई, मी इतकी वर्षं काय समजून होते? तुम्हाला राग येतच नाही. तुमची घडणच तशी, थंड. आपल्या दोघांत रागीट मी, शांत तुम्ही. तुम्ही फोनवर हसायचात आणि मी मनात म्हणायचे, या माणसाला काही लागतच नाही, मग मीच का जळते आहे? आणि तुम्ही इकडं भिंतीवर उशा फेकत होतात! तो शेवट तुम्हालाही आवडला नव्हता. त्या शिव्या तुम्हालाही लागत होत्या. एकदा तरी रात्रीच फोन करायचात मला. एकदा म्हणायचंत की ताई, आज माझं डोकं फिरलंय. आपण दोघांनी मिळून घंटाभर शिव्या घातल्या असत्या आणि सकाळी तुम्हाला हवं ते चांगलं बोललो असतो. तुम्ही मला कायम सकाळचा, धुतलेला माणूस दाखवलात आणि मला एकटीला तापट ठरवून निघून गेलात. याचं मला वाईट वाटतं. मंडळींनी केलं त्यापेक्षा याचं जास्त.

परतीच्या गाडीत मी ठरवलं होतं की चॅनल बंद करायचा. निरोपाच्या दोन ओळी लिहायच्या, तुमचे व्हिडिओ राहू द्यायचे आणि कुणाला काही लिहिता येणार नाही अशी सोय करायची. कायमचं गप्प करून टाकायचं सगळ्यांना. भाभींनी निघताना म्हटलं होतं, "बंद नक्को करो ताई," पण भाभींना कुठं वाचायच्या होत्या त्या तक्रारी?

तरी काल, रविवारी दुपारी, मी बसले. का बसले ते विचारू नका. आई म्हणाली, "नुसतीच धुसफुसत बसण्यापेक्षा जाऊन भांड तरी." घरातल्या टेबलावर मोबाईल लावला आणि थेट प्रक्षेपण सुरू केलं. बघता बघता सगळे जमले, तुमच्या वेळी कधी जमले नव्हते तेवढे. मी तुमच्यासारखं हसले नाही. पहिली तक्रार माझ्यावरचीच वाचली, शब्दन् शब्द. ताईंनी लपवलं. मग म्हटलं, "होय साहेब, लपवलं. त्यांनी सांगितलं होतं म्हणून. तुम्हाला गप्प करायचं नव्हतं त्यांना. मला करायचं होतं. अजून करायचंय." मग त्या मरा म्हणणाऱ्याचं वाचलं आणि सगळ्यांसमोर त्याला काढून टाकलं. तुम्हाला न विचारता. हे एक मी केलं आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. तुमचं इथं चुकलं होतं, मुजीबभाई. सगळ्या शिव्या ऐकून घ्यायच्या नसतात.

त्यानंतर जे झालं ते तुम्ही बघायला पाहिजे होतं. सगळे गोड झाले. हात जोडलेले, फुलं, दिवे. ताई, तुम्ही म्हणाल तसं. ताई, स्वतःची काळजी घ्या. ताई, पाणी प्या. मी विचारलं, "आज कुणाची काही तक्रार?" नाही ताई. सगळं छान आहे ताई. मी मुद्दाम एका भिकार गेमचं नाव घेतलं, ज्यावर यांनी महिनाभर दंगा केला होता. तर छान आहे ताई, तुम्हाला आवडला तर आम्हालाही आवडला. फुलांवर फुलं येत राहिली. तुम्ही ज्याला भीत होतात ते हेच होतं का? मी कॅमेऱ्यासमोर ओरडले, "अरे बोला की! इतकी वर्षं तोंड बंद होत नव्हतं तुमचं, आता काय झालं?" आणि रडायला लागले. लोकांदेखत. माझ्या आयुष्यात मी असं कधी केलेलं नाही.

सगळं थांबलं. फुलंही थांबली. मग जळकोटहून एक ओळ आली.

'ताई, त्या समुद्राच्या गेमचा शेवट लई बेकार हुता. भाई काय बी म्हणले असते तरी बेकारच हुता.'

मी डोळे पुसले. वाचलं मोठ्यानं. म्हटलं, "हाव साहेब. पुढं?"

पुढं मग काय, धरण फुटलं. नायकाला तसं मारायला नको होतं. बहिणीचं काय झालं ते दाखवलंच नाही. जहाज बुडवायची गरजच नव्हती. निलंग्याच्या एका मुलीनं तर अख्खा नवा शेवट लिहून पाठवला आणि त्यावरून बाकीचे तिच्याशी भांडले. तासभर आम्ही सगळ्यांनी मिळून त्या शेवटाला शिव्या घातल्या, तुमच्या चॅनलवर, तुमच्या वेळेला. मी एकेकाचं नाव घेऊन, साहेब म्हणून, वाचत राहिले. दात खाऊन म्हणाले काही ठिकाणी, पण म्हणाले.

कुणीतरी विचारलं, "भाई त्या शेवटाबद्दल काय बोलणार होते, ताई?"

मला माहीत होतं. फज्रनंतर तुम्ही त्यातून काय चांगलं काढलं असतंत ते मला कधीच कळणार नाही, पण फज्रच्या आधी काय म्हणालात ते माहीत होतं. मी म्हटलं, "मला नाही सांगितलं त्यांनी," आणि पुढची तक्रार वाचली. ती भिंतीवर फेकलेली उशी मी त्यांना दिली नाही, मुजीबभाई. इतक्या वर्षांत तुमच्या रागातलं माझ्या वाट्याला आलेलं तेवढंच आहे, तेही तुम्ही गेल्यावर.